डिझायर ओढत नाही, रिमॅप करू का?

पत्र: काका, नमस्कार. आमच्याकडे २०१६ ची डिझायर डिझेल आहे, बाबांच्या नावावर. १ लाख ३२ हजार किलोमीटर झाली. मी २५ वर्षांचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनला आहे. ताई बार्शीला दिलीय, त्यामुळे महिन्यातून एक-दोनदा बार्शी रोड ठरलेला. चौघं बसलो, एसी लावला, की वैरागच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीमागून काढताना गाडी ओढतच नाही. पाय पूर्ण दाबला तरी नुसती गुरगुरते आणि मग एकदम सुटते. मित्राने पुण्यात त्याच्या गाडीचं 'स्टेज वन' रिमॅप करून घेतलं, २८ हजार लागले. तो म्हणतो, 'करून टाक की बे, दोन तासांचं काम आहे, बाबांना कळणार पण नाही.' फ्री-फ्लो सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टरही तिथेच बसवून देतात. करू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरशी छेडछाड, करू नकोस. हे आधीच सांगून टाकतो, कारण मित्राबरोबर पुण्याला जायची तारीखही तू ठरवून बसला असशील. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: 'नुसती गुरगुरते आणि मग एकदम सुटते.' तुझ्या गाडीचं बरंचसं निदान तूच तिथे लिहून ठेवलं आहेस, आणि त्यावरच्या उपायाला २८ हजार लागत नाहीत.

त्या काळातल्या डिझायर डिझेलला मारुती 'डीडीआयएस १९०' म्हणायची. तो १९० म्हणजे टॉर्क, इंजिनाचा फिरवण्याचा जोर, १९० न्यूटन-मीटर, आणि तो पूर्ण मिळतो २००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेतं तेव्हा. इंजिन १२४८ सीसीचं, फियाटचं मल्टिजेट. मूळ इटलीचं, पण आपल्याकडे रांजणगावच्या कारखान्यातही बनत होतं आणि स्विफ्ट, रिट्झ, लिनिया, व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत बसलं. माझं या इंजिनावर प्रेम आहे. वेळेवर तेल बदललं तर ते फार साथ देतं. त्याची सवय मात्र एकच, आणि ती चालवणाऱ्याने ओळखावी लागते: २००० च्या खाली ते निव्वळ साडेबाराशे सीसीचं इंजिन असतं. टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, मदत त्याला वरच मिळते.

आता तुझा वैरागचा प्रसंग बघू. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, वेग पंचवीसच्या आसपास. तू तिसऱ्या गिअरमध्ये असणार, कारण दुसरा टाकला की गाडी ओरडते असं आपल्या सगळ्यांना वाटतं. तिसऱ्यात पंचविसाच्या वेगाला या गाडीचा आरपीएमचा काटा हजार-अकराशेवर असतो. टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर, आणि हजार-अकराशेला तो वायूच पुरेसा नसतो. त्यात एसीचा कॉम्प्रेसर, त्यात चार माणसं. तू पाय दाबतोस, इंजिन गुरगुरतं, काटा सावकाश चढतो, अठराशे-दोन हजार ओलांडले की टर्बो भरतो आणि गाडी 'एकदम सुटते'. तोपर्यंत समोरून बार्शी आगाराची एसटी आलेली असते.

इथे रिमॅप काय करेल? रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाईल बदलायची: डिझेल जास्त सोडायचं, टर्बोचा दाब वाढवायचा. दोन हजारांच्या वर याचा फरक नक्की जाणवतो, तुझा मित्र खोटं बोलत नाही. पण हजार-अकराशेला टर्बोकडे वाढवण्याजोगा दाबच नसतो. तिथे फक्त डिझेल वाढवता येतं, आणि हवेशिवाय नुसतं डिझेल वाढवलं तर काय होतं ते रॉकेलचा स्टोव्ह बघितलेल्या कोणत्याही घरात माहीत आहे: आच वाढत नाही, भांडी काळी होतात. म्हणजे तुझी अडचण ज्या आरपीएमला आहे, तिथपर्यंत ते २८ हजार पोचतच नाहीत. रिमॅप करूनही वैरागच्या अलीकडे गाडी आधी गुरगुरेलच. फक्त नंतर सुटेल ती आणखी जोरात सुटेल, आणि दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना ते उलट जास्त धोक्याचं आहे.

आकड्यांत बघायचं तर टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॅट निघतात. १९० गुणिले २००० भागिले ९५४९ म्हणजे जेमतेम ४० किलोवॅट, साधारण ५४ पीएस (अश्वशक्तीसारखंच ताकदीचं माप). कंपनी जे ७५ पीएस सांगते ते ४००० आरपीएमला. आणि हजाराला? तिथे टॉर्कही अर्ध्यावर आला असं धरलं तर पंधरा पीएससुद्धा हातात राहत नाहीत. चार माणसांसकट तेरा-चौदाशे किलोची गाडी पंधरा पीएसवर उचलायची तर ती गुरगुरणारच.

म्हणून पहिलं काम रस्त्यावरचं. ट्रॉलीला चिकटून राहू नकोस. चिकटलं की पुढचं काही दिसत नाही आणि धाव घ्यायला जागाही उरत नाही. चांगलं अंतर ठेव, उजवीकडे थोडं सरकून लांबवर बघ, आणि रस्ता मोकळा दिसायच्या आतच दुसरा गिअर टाकून ठेव. दुसऱ्यात त्याच पंचविसाला काटा सतराशेच्या पुढे असतो, म्हणजे टर्बो जागा व्हायच्या बेतात. रस्ता मोकळा झाला की पाय दाब, साडेतीन हजारांपर्यंत खुशाल जाऊ दे, तेव्हा वेग पन्नासच्या आसपास असेल. मग तिसरा. तिसऱ्यात साडेतीन हजाराला ऐंशीच्या जवळ पोचशील, आणि तोपर्यंत दोन्ही ट्रॉल्या मागे पडलेल्या असतील. आवाज होईल, होऊ दे. डिझेल इंजिनाला साडेतीन हजार चालतात. तेराशेला पाचव्यात रेटत नेणं त्याला जास्त त्रासाचं असतं. ओव्हरटेकपुरता एसी बंद केलास तर अंगाला कळणारा फरक पडेल. आणि रात्री, गाळपाच्या हंगामात, मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसेल, उसाची टोकं बाहेर आलेली असतील, तर काढूच नकोस. ताई दहा मिनिटं वाट बघेल.

आता गाडीकडे वळू. १ लाख ३२ हजारांनंतर ही गाडी शोरूममधून निघाली तेव्हाचे ७५ पीएस देत असेलच असं नाही. बहुतेक नसेलच. लोक नवी ताकद विकत घ्यायला निघतात, तेव्हा हरवलेली जुनी ताकद गाडीतच कुठेतरी गळत असते.

बॉनेट उघड आणि टर्बोपासून इंजिनात जाणारा जाड रबरी होस शोध. त्याच्या क्लॅम्पभोवती बोट फिरव. बोटाला काळपट तेलकट थर लागला, तर समज की दाब भरला की तिथून हवा निसटते. या होसला आतल्या वळणावर, वरून न दिसणारी बारीक चीर पडते. गाडी उभी असताना ती मिटलेली असते, भाराखाली उघडते. हाताने दाबून, वाकवून बघितल्याशिवाय सापडत नाही. अशी चीर असली की डिझेल जातं तितकंच, हवा कमी पडते, मागे धूर येतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि गाडी तू लिहिलंस तशीच गुरगुरते. या एका रबरी तुकड्यापायी गाडी विकायला काढलेले लोक मी पाहिले आहेत.

मग एअर फिल्टर. आपल्या भागाची धूळ तुला सांगायला नको. बार्शी रोड, शेतातले रस्ते, उन्हाळ्यातली वावटळ. पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट न बघता फिल्टर काढून उजेडासमोर धरायचा. त्याबरोबर डिझेल फिल्टर. त्यानंतर ईजीआर व्हॉल्व्ह. सायलेन्सरकडे जाणारा थोडा वायू परत इंजिनात सोडण्याचं काम त्याचं, आणि शहरातल्या शहरात हळू चालणाऱ्या डिझेल गाडीत तो काजळीने गच्च होतो. साफ करून घे. मिस्त्री म्हणेल, 'बंदच करून टाकतो, कटकट नको.' त्याला नको म्हण, कारण तो भाग प्रदूषण कमी करण्यासाठीच बसवलेला असतो.

इंजेक्टरची तपासणी सांगतो, कारण ती तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. प्रत्येक इंजेक्टरकडून थोडं डिझेल टाकीकडे परत जातं. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार छोट्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवतात. चारही बाटल्यांत पातळी साधारण सारखी यायला हवी. एखादी बाटली इतरांच्या दुप्पट भरली, तर तो इंजेक्टर झिजलाय, दाब धरत नाही. अशा इंजेक्टरवर रिमॅप चढवणं म्हणजे पिस्टनला भोक पाडण्याची तयारी.

क्लच तू स्वतः तपास. मोकळ्या हायवेवर चौथ्यात साठ-पासष्टला स्थिर चाल आणि पाय पूर्ण दाब. काटा झपकन वर गेला आणि वेग मात्र सावकाश वाढला, तर प्लेट घसरते आहे. जळका वास आला तर शंकाच नको. ही चाचणी रिमॅपच्या संदर्भात सगळ्यात महत्त्वाची, कारण रिमॅपचा पहिला बळी क्लच असतो. १९० साठी बनवलेल्या आणि सव्वा लाख किलोमीटर झिजलेल्या प्लेटवर २३०-२४० टाकले की ती काही महिन्यांत हात टेकते. ट्यूनर, म्हणजे रिमॅप करून देणारे, हा खर्च कधी सांगत नाहीत. २८ हजारांत तो धरायलाच हवा.

हे सगळं झालं की चांगला स्कॅनर असलेल्या मिस्त्रीला शेजारी बसवून एक फेरी मार. तिसरा गिअर, पंधराशेपासून साडेतीन हजारांपर्यंत पूर्ण पाय, वेग मर्यादेतच राहतो. स्कॅनरवर दोन जोड्या बघायच्या: टर्बोचा दाब कॉम्प्युटरने मागितला किती आणि मिळाला किती, डिझेल रेलचा (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा) दाब मागितला किती आणि मिळाला किती. दोन्ही जवळपास जुळले तर गाडी निरोगी आहे. तफावत असली तर बिघाड तिथेच शोधायचा. या आकड्यांशिवाय कोणी रिमॅपची गोष्ट काढली तर त्याला गाडीची किल्ली देऊ नकोस.

समज, सगळं ठीक निघालं. तरीही मी नको का म्हणतो, ते नीट सांगतो.

याच १२४८ सीसीच्या इंजिनातून मारुतीने सियाझ आणि अर्टिगासाठी ९० पीएस आणि २०० न्यूटन-मीटर काढले. ते नुसत्या फाईलवर काढले नाहीत. त्यासाठी टर्बोच वेगळा घेतला, ज्याची आतली पाती गरजेप्रमाणे कोन बदलतात. तुझ्या गाडीतला टर्बो साधा, स्थिर पात्यांचा. म्हणजे ज्यांनी हे इंजिन बसवलं त्यांनाही पंधरा पीएस वाढवायला लोखंड बदलावं लागलं. ट्यूनर तेवढेच किंवा त्याहून जास्त जुन्याच टर्बोवर द्यायला निघतो. ते शक्य होतं, कारण कंपनीने राखीव ताकद ठेवलेली असते. पण ती राखीव कशासाठी असते? खराब डिझेल, उशिरा बदललेलं तेल आणि आपला मे महिना यांच्यासाठी.

सोलापूरच्या उन्हाचं फार कोणी मनावर घेत नाही, म्हणून हिशेबच मांडतो. २५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४२ अंशांच्या हवेत, त्याच जागेत, पाच टक्क्यांहून थोडी जास्त हवा कमी मावते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर वर आहे, त्याची आणखी पाचेक टक्के घट. म्हणजे मे महिन्यात दुपारी दोनला पुणे नाक्याहून निघालेल्या गाडीच्या टर्बोला तेवढीच हवा भरायला मुळातच जास्त वेगाने फिरावं लागतं. त्यावर रिमॅपवाला आणखी दाब मागतो. टर्बोच्या बेअरिंगवर हा ताण पडतो, सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूचं तापमान चढतं, तेल लवकर जळतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी केलेली फाईल तुळजापूरच्या घाटात, मे महिन्यात, एसी लावून, पाच माणसांसकट चढताना कशी वागेल, ते करणाऱ्याने तपासलेलं नसतं.

फ्री-फ्लो सायलेन्सर आणि उघड्या फिल्टरबद्दल थोडक्यात: दोन्ही नको. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि आत्ताच बघितलं तसं गरम हवेत मावतं कमी. कंपनीचा डबा बंद असतो आणि बाहेरची हवा घेतो, तो त्यासाठीच. तेल लावलेल्या कापडी फिल्टरचं तेल जास्त झालं तर एअरफ्लो सेन्सरवर जाऊन बसतं आणि गाडी आणखी बिघडते. सायलेन्सरने आवाज वाढेल, तुला गाडी पळते आहे असं वाटेल, तेवढंच. ऑनलाइन मिळणारे, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचे स्वस्त 'पॉवर चिप' तर घेऊच नकोस. त्यातले बरेच उघडून बघितले तर आत फक्त दिवे लुकलुकवणारं सर्किट निघतं. डिझेलसाठीचे जरा महागडे डबे मिळतात ते रेलच्या दाबाचा सेन्सर फसवतात: दाब कमी आहे असं कॉम्प्युटरला खोटं सांगतात, मग तो दाब वाढवतो. स्वतःच्या गाडीच्या कॉम्प्युटरला खोटं सांगायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

(पेट्रोल गाडीवाल्यांचीही पत्रं येतात, म्हणून त्यांच्यासाठी एक ओळ. टर्बो नसलेल्या १.२ किंवा १.५ लिटरच्या पेट्रोल इंजिनात फाईल बदलून मिळणारी वाढ इतकी थोडी असते की चार माणसं बसल्यावर ती शोधावी लागते. त्यांनी पैसे स्पार्क प्लग, टायर आणि सर्व्हिसिंगवर घालावेत.)

आता 'बाबांना कळणार पण नाही' या वाक्याकडे येतो. मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त तेच खटकलं.

गाडी त्यांच्या नावावर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दल बोलतं आणि ते 'मालका'ला उद्देशून आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कॉम्प्युटरमधली फाईल रस्त्यावरच्या पोलिसाला दिसत नाही हे खरं, पण सायलेन्सर लांबूनच ऐकू येतो. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्याचं कलम १९० वेगळं, त्यात पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स जाण्याची तरतूद आहे. कागदावर नाव बाबांचं असेल.

धुराचं आपल्या शहराला तर विशेष भान हवं. २०१० साली देशातल्या पहिल्या १३ शहरांत बीएस-४, म्हणजे गाड्यांच्या धुराचं कडक मानक, लागू झालं, त्यात मुंबई-पुण्याबरोबर सोलापूर होतं. हवा सुधारायची गरज असलेल्या शहरांच्या, राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतही आपलं नाव आलं. सात रस्त्याला सिग्नलवर एखादी गाडी काळा लोट सोडून निघते, तेव्हा मागच्या स्कूटरवर कोणाची तरी आई बसलेली असते.

इन्शुरन्सचंही तसंच. फेरफार कळवला नाही आणि अपघातानंतर सर्व्हेअरच्या लक्षात आला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. तेव्हा कंपनीच्या माणसासमोर बाबा बसलेले असतील आणि त्यांना प्रश्नच कळणार नाही. 'गाडीत काही बदल केला होता का?' 'नाही.' ते खरंच सांगतील आणि तरी खोटे ठरतील. त्यांना अशा जागी बसवू नकोस.

आणि तुला दिसत नसलं तरी ही गाडी बाबा तुझ्यापेक्षा वेगळी चालवतात. त्यांच्या उजव्या पायाला दहा वर्षांची सवय आहे: इतका दाबला की इतकी पुढे जाते. रिमॅपनंतर तोच पाय, तेवढाच दाबला, तर गाडी जास्त सुटेल. पावसात, होटगी रोडला, पुढे दुचाकी असताना. त्यांना न सांगता हे बदलणं मला तरी माफ करता येणार नाही.

ब्रेकचा विचार तर पत्रात कुठेच नाही. ऐंशीवरून शंभरला गेलं की गाडीतली थांबवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. तुझ्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत, आणि ते ७५ पीएसच्या गाडीसाठी आहेत. ते २८ हजार तुझ्याकडे आहेतच, तर त्यातून आधी पुढचे ब्रेक पॅड बदल, मागचे ड्रम उघडून साफ कर, ब्रेक ऑइल बदल. पॅड चिकटून राहत असतील तर त्यानेही गाडी ओढत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: चार-पाच किलोमीटर चालवून आलास की हाताने न शिवता चारही चाकांजवळ तळवा नेऊन बघ, एक चाक इतरांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर ते धरून ठेवलेलं आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इतके जुने टायर असतील तर नक्षी कितीही दिसो, बदलून टाक. रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर धरत नाही. हे सगळं करूनही पैसे उरतील, त्यातून होस, फिल्टर, ईजीआरचं काम होईल.

वेगाची हौस वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. पंचविशीत ती असावी. ती भागवायला जागा आहेत. कोल्हापूरला गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, एका सकाळी जाऊन ये. ब्रेक कुठे मारायचा, वळणात पाय कधी सोडायचा, हे कार्टमध्ये अर्ध्या तासात जितकं कळतं तितकं हायवेवर वर्षानुवर्षं कळत नाही. त्यापुढे जायचं असेल तर मोटरस्पोर्ट्सच्या राष्ट्रीय महासंघाचं, एफएमएससीआयचं, स्पर्धकाचं लायसन्स काढून ऑटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची वेळेची शर्यत) आणि रॅलीत उतरता येतं. तिथे हेल्मेट असतं, डॉक्टर असतो आणि समोरून एसटी येत नाही. पुढेमागे स्वतःच्या पगारातून स्वतःच्या नावावर एखादी गाडी घेशील, तेव्हा टर्बो असलेलं, मुळातच शंभर-सव्वाशे पीएसचं इंजिन निवड. आज बाजारात अशा साध्या कुटुंबाच्या गाड्या भरपूर आहेत, कंपनीच्या वॉरंटीसकट.

इतकं सांगूनही तू आणि बाबा दोघांनी मिळून, सगळं कळून, करायचंच ठरवलं, तर या अटी ट्यूनरला आधी सांग. आधी गाडीचं स्कॅन, दाबांच्या जोड्यांसकट, छापील. टॉर्क २१०-२१५ च्या पुढे न्यायचा नाही आणि तो दोन हजारांच्या खाली जबरदस्तीने वाढवायचा नाही, कारण त्या जागी कनेक्टिंग रॉड आणि क्लच दोन्हीवर सगळ्यात वाईट ताण पडतो. धुराची मर्यादा फाईलमध्ये तशीच ठेवायची, ईजीआरला हात लावायचा नाही. रिमॅपनंतरचं स्कॅन पुण्याच्या गारव्यात नको, सोलापूरला दुपारच्या उन्हात, एसी लावून आणि चार माणसं बसवून घ्यायचं. इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवायचं आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. तेल कंपनी सांगते त्याआधीच बदलायचं, आणि लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर तसंच चालू ठेवायचं, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहतं. हे तर तू आजपासूनच सुरू कर. यातल्या एकाही अटीला तो 'काही होत नाही हो' म्हणाला, तर तिथून परत ये. आणि कोणीही काहीही म्हणालं तरी तुझ्या गाडीची मूळ फाईल पेनड्राइव्हवर हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

होसचं काय निघालं ते कळव. बाटल्यांचा फोटो काढलास तर तोही पाठव, बघून सांगतो.